‘सहा-सात’ म्हटलं की माझा मुलगा का हसतो?

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून थोडक्यात सांगते.

या ताई ४४ वर्षांच्या आहेत, एका पतसंस्थेत नोकरी करतात. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्टची ड्युटी. घरी सासरे आहेत, मूळचे इगतपुरीकडचे शेतकरी, आणि नववीतला एकुलता एक मुलगा. ‘गेल्या सहा महिन्यांत त्याचं बोलणंच मला कळेनासं झालंय,’ असं त्या लिहितात. एका रविवारी मावसभाऊ राहायला आला होता. जेवताना आबा नातवाला म्हणाले, ‘सकाळी सहा-साताला उठून जरा फिरायला जात जा.’ दोन्ही पोरांनी तळहात वर करून तराजूच्या पारड्यांसारखे खालीवर हलवले आणि हसून लोळायला लागली. आबा ताटावरून उठले. वडिलांनी आठ दिवसांसाठी फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवायला ताईंकडे दिला. पासवर्ड ताईंना माहीत होता. रात्री त्यांनी मित्रांचा ग्रुप उघडला. तिथे जागोजागी कवट्यांची चित्रं, ‘मी मेलो’, ‘बॉडी घेऊन जा’, आणि गणिताच्या चाचणीनंतर लेकाने लिहिलेलं ‘आता जगून काय उपयोग’. त्या रात्रभर झोपल्या नाहीत. मग हे शब्द शिकायचेच असं ठरवून त्यांनी एक वही केली. दोन दिवसांनी मित्र घरी आल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, ‘काय रे, भारी रिझ आलाय हल्ली तुझ्यात!’ मुलगा कानापर्यंत लाल झाला. पुढचे दोन दिवस आईशी बोलला नाही.

त्यांनी तीन प्रश्न विचारलेत. तो आम्हाला हसतो का? ही भाषा मी शिकू की बंद करू? आणि त्या कवट्यांचं काय?

ताई, आधी कवट्यांबद्दल बोलू, कारण त्यापायी तुमची झोप गेली आहे.

तुमच्या मुलाच्या वयाची पोरं कवटीचं चित्र टाकतात ते ‘हसून हसून मेलो’ या अर्थाने. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा तुम्ही-आम्ही वापरतो. २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्या चित्रालाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. आजच्या मुलांना तो चेहरा काका-मावशांचा वाटतो, म्हणून त्यांनी कवटी घेतली. ‘बॉडी घेऊन जा’ हे त्याचंच पुढचं टोक. आणि मरणाची अतिशयोक्ती आपल्याला काही परकी नाही. माझी आजी लाडात आली की ‘मुडद्या, इकडे ये’ म्हणायची. ‘मेल्या’ ही तर आपल्याकडे अर्धी शिवी आणि अर्धी माया. परक्या माणसाने हे शब्द कागदावर वाचले तर तोही रात्रभर जागा राहील.

तरीसुद्धा ‘आता जगून काय उपयोग’ हे वाक्य मी कवट्यांच्या ढिगात टाकणार नाही. त्याखाली मित्रांनी कवट्याच टाकल्या आहेत, त्याने स्वतःही टाकली आहे, म्हणजे बहुधा थट्टाच असणार. पण बहुधावर आईने झोपू नये. सरळ विचारा. ‘असं लिहिलंस तेव्हा खरंच तसं वाटत होतं का? कधी जीव नकोसा होतो का?’ असं विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. मानसोपचार करणारी माणसं हे स्पष्ट सांगतात. उलट घरात हा शब्द उच्चारता येतो एवढं मुलाला कळतं, आणि ते फार मोलाचं असतं. लक्ष शब्दांपेक्षा दिवसाकडे असू द्या. झोप बिघडली आहे का, जेवण तुटलं आहे का, ज्या मित्रांबरोबर तो कवट्या टाकत हसायचा त्यांनाच टाळतो आहे का, आवडत्या वस्तू वाटून टाकतो आहे का, ‘माझं तुम्हाला ओझं होतं’ असं काही बोलतो आहे का. यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. आणखी एक गोष्ट इतर वाचकांसाठीही सांगते. मृत्यूचा थेट उल्लेख केला तर ॲप पोस्ट दाबून टाकेल म्हणून मुलं ‘अनअलाइव्ह’ असा शब्द वापरतात. तो शब्द थट्टेतही येतो आणि गंभीर बोलण्यातही येतो. स्वतःबद्दल, हसण्याखिदळण्याबाहेर तो आला तर थांबून विचारायचं.

पण त्याला हे विचारायचं तर तुम्ही ग्रुप वाचलात हे आधी सांगावं लागेल. इथे तुम्ही अडखळणार, मला कळतंय. तुम्ही लिहिलंय, ‘आईने मुलाचा फोन बघितला तर त्यात काय?’ आणि दोनच ओळींनी लिहिलंय, ‘त्याला कळलं तर काय वाटेल?’ उत्तर त्या दुसऱ्या ओळीत आहे. फोन शिक्षा म्हणून जमा केला होता, झडतीसाठी नव्हे. त्याला सांगा, ‘तुझा फोन माझ्याकडे होता, मी तुझा ग्रुप वाचला. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, चुकलं माझं. पण जे वाचलं त्याने मी घाबरले, म्हणून आता विचारते.’ तो चिडेल. चिडू द्या. ‘ते आमचं प्रायव्हेट होतं’ म्हणेल, ते खरंच आहे, त्यावर वाद घालू नका. खरी भीती वाटली तर आईबापांनी फोन बघू नये, असं मी म्हणत नाही. जिवाचा प्रश्न असेल तर दारही तोडावं. पण ते सांगून करावं, आणि सांगता आलं नसेल तर नंतर कबूल करावं. चोरून मिळवलेली माहिती वापरता येत नाही, ती नुसती छातीवर बसून राहते. तुमच्या छातीवर बसली आहेच.

आता सहा-सात.

याचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. अर्थ काही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका रॅपरच्या गाण्यात हे दोन आकडे येतात. गाणं २०२५च्या सुरुवातीला आलं. त्याचा तुकडा बास्केटबॉलच्या व्हिडिओंना लागला, त्यात सहा फूट सात इंच उंचीच्या एका खेळाडूचे व्हिडिओ होते. तिथून पोरांनी आकडे उचलले, हाताची ती हालचाल जोडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिक्शनरी डॉट कॉमने हे दोन आकडे वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केले. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण रील्स आणि शॉर्ट्समधून हे सगळं इंदिरानगरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचतं. वर्गात सर म्हणतात, ‘पान ६७ काढा’, आणि अख्खा वर्ग फुटतो. सर गोंधळतात, म्हणून आणखी हसू येतं. एवढाच विनोद आहे तो. ज्याला माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही, यांच्यामधली फट हाच त्यातला विनोद.

‘बिनअर्थाचे आकडे घेऊन काय हसायचं?’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंय. त्यांना विचारा, आपल्या नाकी नऊ येतात ते नऊ कोण? सतराशे साठ भानगडी कोणी मोजल्या? घराचे तीन तेरा वाजतात म्हणजे किती वाजतात? ‘छत्तीसचा आकडा’ फक्त आपल्या लिपीत कळतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. इंग्रजी आकडे वाचणाऱ्या पोराला तो दाखवूनच द्यावा लागतो. आणि चारशे वीस? ते १८६०च्या दंडसंहितेचं फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून तो कायदाच गेला, नव्या न्याय संहितेत फसवणूक ३१८व्या कलमात आहे, तरी भाजीवाल्याने वजनात मारलं की आपण चारशे वीसच म्हणतो. आकड्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलोय. मुलांनी त्यात एक जोडी घातली. ती वर्षभरात बहुधा विरूनही जाईल.

तुमचीही आठवण काढा. तुम्ही १९९५-९६ साली नववी-दहावीत असाल. ‘पोपट झाला’, ‘कल्टी मार’, ‘सुमडीत ये’, ‘पकवू नको’ हे शब्द तुमच्याच पिढीचे. ‘पोपट झाला’ म्हणजे काय, हे तेव्हा तुमच्या आईने विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत? त्याआधीची मुलं ‘च’च्या भाषेत बोलायची. ‘मला घरी’ म्हणायचं तर ‘चलाम चरीघ’. मोठ्यांच्या देखत, मोठ्यांना कळू नये म्हणून. आपल्या नाशकात रंगपंचमीला ‘रहाडीत धप्पा मारला’, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारली, असं म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा तोंडाकडे बघत राहतो, आणि आपल्याला ते आतून जरा आवडतं. प्रत्येक टोळीला आपलं असं काही लागतं. चौदाव्या वर्षी ते सगळ्यात जास्त लागतं, कारण घरातलं सगळं आईबापांनी आधीच ठरवलेलं असतं. ताट त्यांचं, क्लास त्यांनी निवडलेला, झोपायची वेळही तेच सांगतात. शब्द तेवढे स्वतःचे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तो तुम्हाला हसत नव्हता. पण आबांना जे लागलं तेही खरं आहे. ज्या थट्टेत कुणाला तरी कळत नाही हीच गंमत असते, ती चारजणांच्या ताटावर केली की न कळणारा एकटा पडतो. मग तो सत्तरीचा आजोबा असो की वर्गात नवीन आलेलं पोर. मुलाला हे सांगायला हवं, आणि फोन काढून घेऊन ते सांगून होत नाही. फोन घेतल्याने त्याला इतकंच कळलं की सहा-सात म्हणणं हा गुन्हा आहे. आता तो ते म्हणेलच, फक्त तुमच्यासमोर म्हणणार नाही.

त्यापेक्षा त्याला आबांकडे पाठवा. माफी मागायला नव्हे, समजावून सांगायला. ‘आबा, आम्ही तुम्हाला हसलो नाही, हे आकडे असे आले,’ एवढं त्याने सांगावं. आणि आबांना म्हणा, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली सौदा कसा चालायचा ते नातवाला दाखवा. इगतपुरीकडचे शेतकरी म्हणजे त्यांनी घोटीचा बाजार पाहिला असेलच. बैल घेताना व्यापारी आणि गिऱ्हाईक हातावर कापड टाकून एकमेकांची बोटं धरत. किती बोटं, कशी दाबली, त्यावरून भाव ठरे, आणि चहूबाजूंनी उभ्या माणसांना पत्ता लागत नसे. हातांनी आकडे बोलायचे आणि बाकीच्यांना कळू द्यायचं नाही, हे काम तुमच्या आबांच्या पिढीने पोटासाठी केलं आहे. नातू ते ऐकून हसेल, पण ते हसू वेगळं असेल.

आता तुमची वही.

ताई, त्या वहीमागची माया मला दिसते. पतसंस्थेतून दमून येऊन आईने मुलाच्या शब्दांची यादी करावी, हे साधं नाही. पण ती वही कपाटात ठेवून द्या. ‘रिझ’ हा शब्द ‘करिष्मा’साठीच्या इंग्रजी शब्दातून तोडलेला आहे, तो २०२३ साली ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द होता. तुमच्या यादीत त्याचा अर्थ ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ असा आहे. अर्थ बरोबर आहे. पण मुलं तो वापरतात ते कुणावर तरी छाप पाडण्याबद्दल, बहुतेक वेळा मुलींवर. म्हणजे चार मित्रांसमोर आईने त्याला काय म्हटलं, बघा. तो लाल होणारच. कोशात अर्थ मिळतो, कुणी कुणाला कधी म्हणायचं ते मिळत नाही. आणि शब्द कोशात पोहोचेपर्यंत पोरं पुढे गेलेली असतात. २०२३ मध्ये संडासाच्या भांड्यातून डोकं काढून गाणाऱ्या आकृत्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आले, त्यातून ‘स्किबिडी’ निघाला. केंब्रिजच्या कोशात तो २०२५ साली गेला, आणि माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, तो आता चौथीतली मुलं म्हणतात.’

या भाच्यामुळे मला एक युक्ती सापडली. तो दहावीत होता. एका संध्याकाळी आम्ही सोमेश्वरला गेलो होतो. परत येताना गाडीवर मागे बसून तो मित्राला फोनवर सारखं ‘कुक्ड, कुक्ड’ म्हणत होता. आधी मी अशा वेळी विचारायची, ‘म्हणजे काय रे?’ आणि तो म्हणायचा, ‘काही नाही.’ त्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, ‘हे कधी म्हणायचं?’ तो लगेच सुरू झाला. ‘समज, बीजगणिताचा पेपर आहे. तुला वाटतंय संपला. पाच मिनिटं उरलीत. तू सहज शेवटचं पान उलटतेस आणि मागे चार-चार मार्कांचे दोन प्रश्न आहेत. तेव्हा.’ सिग्नल सुटला तरी तो बोलत होता. मला शब्द कळला. ‘वाट लागली’ म्हणतो आपण, तोच. आणि बीजगणिताच्या पेपरात नक्की काय झालं होतं, तेही कळलं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

‘म्हणजे काय’ असं विचारलं की मुलाला परीक्षा वाटते. ‘कधी म्हणतात’ विचारलं की तो गोष्ट सांगतो. गोष्ट त्याच्याच दिवसातली असते. तुम्ही हा एवढा एक प्रश्न पाठ करा. गाडीवर विचारा, भांडी लावताना विचारा, रविवारी मिसळ खायला गेलात तर पावाची वाट बघताना विचारा. समोरासमोर बसवून नको. आणि त्याने सांगितल्यावर तो शब्द स्वतः वापरायचा नाही. त्याचा शब्द त्याच्याकडेच राहू द्या. तुम्ही तुमच्या मराठीत बोला, ‘म्हणजे तुझा पोपट झाला तर!’ असं खुशाल म्हणा. तुमचे शब्द त्याला ऐकायला आवडतील, त्याचे शब्द तुमच्या तोंडून मात्र आवडणार नाहीत.

असं ऐकत राहिलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि गेल्या काही वर्षांतले मुलांचे शब्द एकत्र ठेवून बघितले तेव्हा ती मला दिसली. ‘ऑरा’ म्हणजे तुमचा रुबाब. स्टेजवर बक्षीस घ्यायला जाताना पाय अडखळला की उणे हजार ऑरा. ‘क्रिंज’ म्हणजे दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच लाज वाटणं. ‘एनपीसी’ म्हणजे गेममधला तो मागे फिरणारा माणूस, ज्याला कुणी विचारत नाही. ‘डेलुलू’ म्हणजे ज्याला स्वतःबद्दल भ्रम झालाय तो. बघा, सगळे शब्द एकाच गोष्टीभोवती फिरतात. चारचौघांत मी कसा दिसतो? ही पिढी सतत कुणाच्या तरी कॅमेऱ्यासमोर वाढते आहे. वर्गात शिंक आली तरी कुणीतरी ती टिपलेली असते. त्यांच्या थट्टेत गुण वजा होतात, कारण मनात सतत गुणांची मोजणी चालू असते. मी शिकवायला लागले तेव्हाच्या मुलांचे शब्द मास्तरांबद्दल, पेपरबद्दल, मारामारीबद्दल असायचे. आताचे शब्द दिसण्याबद्दल आहेत. तुमच्या लेकाच्या बोलण्यातून तुम्हाला काही वाचायचंच असेल तर हे वाचा. मित्रांसमोर ‘रिझ’ म्हणालात तेव्हा त्याच्या हिशेबात त्याचे किती ऑरा गेले असतील, याचा आता अंदाज येईल.

म्हणजे सगळंच हसून सोडून द्यायचं का? नाही. इथे मी कडक आहे, आणि तुम्हीही व्हा.

काही शब्द कुणाच्या तरी अंगावर पडतात. तुमच्या वहीत ‘छपरी’ हा शब्द आहे, पुढे तुम्ही लिहिलंय, ‘फॅशन करणारा, टपोरी’. मुलं तसाच वापरतात, रंगवलेले केस आणि मॉडिफाय केलेली बाइक दिसली की छपरी. पण छप्पर शाकारून पोट भरणाऱ्या माणसांना हिणवण्यातून हा शब्द आला असं मानलं जातं. छप्परबंद हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण ज्याला नटायची हौस आहे, त्याला हा शब्द मारला जातो. तुमच्या मुलाला हे बहुधा माहीत नसेल. त्याला एकदा बसवून सांगा. आकड्यांवर हसलास तर मी काही बोलणार नाही, पण हा शब्द या घरात नको. हाच नियम मुलींच्या दिसण्यावरच्या, कुणाच्या रंगावरच्या, कुणाच्या तोतरेपणावरच्या विनोदांना. ‘आम्ही गमतीत म्हणतो’ हे उत्तर चालणार नाही. ज्याच्याबद्दल म्हटलं त्यालाही गंमत वाटते का, एवढंच विचारायचं.

एक प्रसंग सांगते. मी शिकवत असलेल्या एका वर्गात, मधल्या सुट्टीत वडापाव खाताना एका मुलीचा कुणीतरी फोटो काढला. तोंड उघडं, गालाला चटणी. त्याचं स्टिकर झालं आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरायला लागलं. कुणी भूक लागली म्हटलं की स्टिकर, परीक्षा म्हटलं की स्टिकर. तिने स्वतःही दोनदा ते टाकलं, हसरे चेहरे लावून. आम्हा शिक्षकांना वाटलं, मुलं खेळीमेळीने घेताहेत. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, ती डबा उघडतच नाही. सुट्टीभर पाण्याची बाटली हातात धरून व्हरांड्यात उभी राहते. ज्या मुलाने स्टिकर केलं तो वाईट नव्हता. त्याला जवळ घेऊन ‘ती सुट्टीत काय करते ते जरा बघ’ एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर लिहून ते बंद करायला लावलं. पण ते पंधरा दिवस मला अजून सलतात. स्टिकर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते विनोद म्हणून पाहिलं.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या लेकाच्या ग्रुपमध्ये कुणाचा तरी चेहरा असा फिरतोय का, हे त्याला विचारा. आणि त्याचा स्वतःचा फिरतोय का, हेही. कवट्यांपेक्षा मला त्याची जास्त काळजी आहे.

त्याची मराठी बिघडते आहे, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याची फार चिंता करू नका. ‘त्याने मला घोस्टलं’ (म्हणजे अचानक बोलणंच तोडलं), ‘मी कुक झालोय’ असं ही मुलं बोलतात तेव्हा क्रियापद मराठीच चालवतात. पोर्तुगीजांकडून आपण बटाटा घेतला, पगार घेतला, आज ते परके वाटतात का? मराठीची काळजी असेल तर त्याचे शब्द काढायला जाऊ नका, आपले घाला. आबांजवळ शिव्या-ओव्यांसकट केवढा साठा असेल.

फोन उद्या परत द्या, आठ दिवस पुरे होऊ देऊ नका. मिस्टरांशी आधी बोलून घ्या, म्हणजे आईने दिला आणि बाबांनी घेतला असं होणार नाही. देताना एकच नियम करा, रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचा आणि मिस्टरांचाही. सेकंड शिफ्टहून घरी आल्यावर अंथरुणात रील्स बघायची सवय मिस्टरांना असेल तर त्यांना हे जड जाईल, पण मुलगा पहिल्यांदा तिथेच बघणार आहे.

फोन हातात देताना ग्रुप वाचल्याचं सांगा, आणि ‘जगून काय उपयोग’बद्दल विचारा. त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये काही बोलू नका. मग त्याला आबांच्या खोलीत धाडा.

आणि आबांनी रुमालाखालचे आकडे दाखवले, तर कोणत्या बोटाला काय म्हणत ते मला जरूर लिहून कळवा. माझ्या वडिलांना ते येत होते. मी कधी विचारलं नाही.